खालचे साईं

“हळू! हळू चाला रे! खाली माणूस राहतो, माणूस!”

हा ओरडणारा मी. ओरडणारा म्हणजे आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या मानानं नुसता सुचवणारा. जपानमधल्या एका लहानशा गावात, दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात आम्ही नुकते शिरलो होतो. बॅगा अजून दारातच होत्या. पोरं विमानात आवळून बसवलेली, ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुटली होती. थोरली पाच वर्षांची, धाकटा अडीच. धाकट्याचं वजन पिशवीतल्या कांद्याबटाट्यांपेक्षा फार नाही, पण तो पळायला लागला की समोरच्या गल्लीत लावलेल्या सायकली एकेक करून आडव्या होत होत्या. निदान मला तरी तसं दिसलं.

“हळू म्हटलं ना!” गॅलरीच्या दारात उभा राहून मी पुन्हा सुचवलं.

तेवढ्यात खालच्या गॅलरीतून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. “उरुसाई!”

मी दचकलो नाही. उलट सुखावलो. का सुखावलो, ते कळायला उल्हासनगरात धंदा केलेला असावा लागतो. माझं तिथं सोफ्या-पडद्यांचं दुकान आहे. दोन्ही बाजूंना सिंधी शेजारी, समोर सिंधी, गिऱ्हाईक अर्धंअधिक सिंधी. तिथं दिवस उगवतो ‘साईं’नं आणि मावळतोही ‘साईं’नं. ‘आओ साईं, बैठो साईं, चाय पियो साईं.’ भांडणसुद्धा साईं लावूनच होतं. रस्त्यात बसलेल्या गायीला उठवायचं असलं तरी आमच्याकडं ‘उठो साईं’ म्हणतात, आणि गाय उठते. तेव्हा सातासमुद्रापार, बॅगा उघडायच्या आत, खालचा म्हातारा मला साईं म्हणतोय म्हटल्यावर डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. ‘उरु’चा अर्थ मी जागच्या जागी लावला. ऊपर! ऊपरवाले साईं!

मी कठड्यावरून ओणवा झालो आणि हात जोडून जोरात म्हणालो, “हां साईं! सब ठीक, साईं!”

खाली एकदम शांतता पसरली. मान ठेवणारी माणसं, मी मनात म्हटलं.

आम्ही तिथं कसे पोचलो ते सांगायला हवं. आमची बायको अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. यंत्राच्या सुट्या भागात केसाएवढी चूक असली तरी तिला ती चहा पिता पिता दिसते. नवऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. कंपनीनं तिला वर्षभरासाठी जपानच्या मूळ कारखान्यात पाठवायचं ठरवलं. ती म्हणाली, पोरांना सोडून जाणार नाही. मी म्हणालो, मग आम्हाला घेऊन जा. दुकान शेजारच्या साईंच्या हवाली केलं. बदलापूरच्या सासूबाईंनी लोणच्याच्या इतक्या बरण्या दिल्या, की विमान डाव्या बाजूला कलून उडालं. आणि माझ्या आईनं निघताना एकच सांगितलं, “बुद्धाचा देश आहे. परक्यात चाललोय असं समजू नको. आपल्याच माणसांत चाललोय असं वाग.”

मी तसंच वागलो. चूक असेल तर आईची आहे.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, “खालचे आजोबा मला साईं म्हणतात.”

“काहीतरी काय.”

“अगं, कानांनी ऐकलं. उरु साईं.”

तिलाही तो शब्द माहीत नव्हता. तिच्या कारखान्यात माणसं एकमेकांशी इतकी अदबीनं बोलायची, की असला शब्द तिच्या कानावर पडायची सोयच नव्हती. ती म्हणाली, “असेल काही. तू जरा कमी बोल.” हे ती लग्नापासून म्हणते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारेबुवा जिन्यात भेटले. काटकुळे, ताठ, डोक्यावर लोकरीची टोपी. मी बाजूला सरून जागा दिली, कमरेत वाकलो आणि मनापासून म्हणालो, “उरु साईं!” ते थांबले. माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी गंभीरपणे, थोडीशी मान लववली आणि ते खाली गेले. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. मी भेटलो की ‘उरु साईं’, ते मान लववणार. पोरांना मी अभिमानानं सांगायचो, बघा, भाषा येत नसली तरी माणूस जोडता येतो.

उल्हासनगरच्या साईंना फोनवर ही गोष्ट सांगितली, तर ते खुर्चीतून उठलेच. “अरे साईं, उधर भी अपना आदमी पहुंच गया! पूछो, कौनसे कॅम्प का है?” उल्हासनगरात माणसाचा पत्ता कॅम्पच्या नंबरानंच सांगतात.

फोनचं जरा सांगतो. तिकडं दुकान उघडायचं तेव्हा इथं जेवणं उरकून दुपार कलंडलेली असायची. रेंज फक्त गॅलरीत. मी कठड्याला टेकून उभा आणि तिकडं कारागिरानं फोन नेमका कॉम्प्रेसरच्या शेजारी ठेवलेला. खिळे मारायची बंदूक ठाण ठाण वाजतेय, फोम कापायचं यंत्र किंचाळतंय. त्यावर आवाज चढवल्याशिवाय ‘कडेची पायपिंग मरून नको, चॉकलेटी लाव’ हे एवढंसं वाक्य जात नाही. मी त्या बाजारात पंधरा-वीस वर्षं काढली आहेत. माझा आवाज दुकानातून निघून स्टेशनापर्यंत जायचा, तिकडून तिकीट काढून परत यायचा. पण जपानात मी तो कमी केला होता. माझ्या अंदाजानं.

पंधरवडा झाला असेल. घर भाड्यानं देणारा एजंट दारात आला. बारीक माणूस, काळा कोट. इतका वाकला, की मला वाटलं काही पडलंय म्हणून शोधतोय. मीही वाकून शोधायला लागलो. मग त्यानं खिशातून भाषांतराचा फोन काढला, त्याच्याशी कुजबुजला आणि तो फोन मराठीत बोलायला लागला. कुठल्या शाळेत शिकला होता कोण जाणे.

“वरून ध्वनी येत आहे. खालील ज्येष्ठ नागरिक व्यथित आहेत. कृपया.”

बायको त्या दिवशी घरी होती. तिनं पुढचं सगळं नीट विचारून घेतलं. पुन्हा तक्रार आली तर हे घर सोडावं लागेल. कंपनीकडं आत्ता दुसरं कुटुंबाचं घर नाही. तिला बायकांच्या वसतिगृहात एक खोली मिळेल. एकटीला. म्हणजे मी आणि पोरं परत अंबरनाथला, आणि ती इथं, वर्ष सरेपर्यंत.

एजंट गेला. आम्ही दोघं धाकट्याकडं पाहत बसलो. तो नुकताच झोपला होता, तिची वेणी मुठीत धरून. जन्मल्यापासून त्याला तसंच झोपायची सवय. ती नसली की तो माझी मिशी धरून बघतो आणि मग रडतो.

“मी राहीन एकटी,” ती म्हणाली. “त्याचं काय करशील?”

वेणी काही कुरिअरनं पाठवता येत नाही.

पण मी सोफेवाला. दुसऱ्याच दिवशी पोरांना घेऊन निघालो आणि गावातलं फोमचं दुकान शोधून काढलं. भाषा येत नव्हती, पण फोम अंगठ्यानं दाबून तोंड वाकडं करायची भाषा जगभर एकच आहे. दुकानदारानं निमूटपणे आतला, चांगल्या डेन्सिटीचा माल आणून दिला. मी घरची जमीन मोजली, कापली, जोडली. भाड्याचं घर, म्हणून एक खिळा मारला नाही. वरून जाड कापड ताणून कडा खाली दुमडल्या. आठवड्याभरात मी त्या आख्ख्या घराचा सोफा करून टाकला. खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. टेबलाला घातले. धाकट्याला दोन-दोन घातले. घर इतकं मऊ झालं, की त्यानं स्टीलची वाटी पाडली तर ती उसळून परत हातात यायची. एकदा बायको सकाळी पाय घसरून पडली आणि उभी राहिली तेव्हा दारापाशी पोचलेली होती; तशीच कामावर गेली.

“घरात चालताना उंटावर बसल्यासारखं वाटतं,” ती म्हणायची.

“आवाज येतो का?”

“नाही येत.”

“मग बस.”

आणि दिवसभर मी पोरांच्या मागं. धाकटा जरा उडाला, की “हळू!” थोरलीनं चेंडू उचलला, की “हळू!” दोघं भांडायला लागली, की एकदाच दोघांना पुरेल असं, गॅलरीतून फोन कानाला लावल्या लावल्या, “हळूऽऽ!” खालून मधूनच यायचं, “उरुसाई!” मी लगेच खाली वाकून, “हां साईं, बोलतोय त्यांना, बोलतोय!”

पोरं शहाणी झाली होती. धाकटा मांजरासारखा चालायला लागला. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं. अंबरनाथच्या घरी तो पलंगावरून उडी मारून ‘ठाप’ म्हणायचा. इथं उडी मारायचा, मऊ फोमवर बिनआवाजाचा उतरायचा, आणि मग माझ्याकडं बघून अगदी कुजबुजत म्हणायचा, “ठाप.”

थोरली बालवाडीत जायला लागली होती. पहिले काही दिवस ती गप्प बसून यायची, मग एकदम तिला ती भाषा फुटली. घसा बसलेला माणूस बरा होऊन बोलायला लागतो तशी ती बोलायला लागली. घरात मोजणी जपानीत, बाहुलीला रागावणं जपानीत. एका दुपारी मी तिला शाळेतून आणत होतो. जिन्यात खालचे साईं भेटले. मी वाकलो. “उरु साईं!” त्यांनी मान लववली. वर येईपर्यंत पोरगी माझ्याकडं डोळे वटारून बघत होती.

“बाबा, तुम्ही आजोबांना असं का म्हणालात?”

“कसं? साईं म्हणालो. मान देतो मी त्यांना.”

“उरुसाई म्हणजे कटकट. म्हणजे आवाज बंद कर. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणतो ना, तर बाई त्याला रागावतात.”

मी जिन्यातच बसलो. जिना भाड्याच्या जागेत येत नसल्यामुळं तिथं फोम नव्हता, चांगलंच लागलं. म्हणजे इतके दिवस ते खालून ओरडत होते ‘आवाज बंद करा’, आणि मी वरून ‘बोला साईं’. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, एका म्हाताऱ्या माणसाला जिन्यात अडवून, कमरेत वाकून, हात जोडून, हसतमुखानं म्हणत होतो, ‘आवाज बंद कर’. आणि तो माणूस मान लववत होता!

उल्हासनगरात असं कुणी कुणाला म्हटलं असतं, तर बाजार दोन दिवस बंद राहिला असता.

बायकोला सांगितलं. ती आधी हसली, भिंतीला धरून हसली. मग हसता हसता थांबली, कारण तिच्या फोनवर एजंटचा निरोप आला होता. पुन्हा तक्रार. शनिवारी तो खालच्या नागरिकांना घेऊन येणार. समोरासमोर बोलून काय ते ठरवू.

“बॅगा काढू का?” तिनं विचारलं. मला विचारत नव्हती बहुतेक.

शनिवारी तिनं मला बजावलं, “तू एक शब्द बोलायचा नाही. उभा राहा. वाक. बास.” पोरांना धुतलं, पुसलं, बसवलं. शेल्फावर आईनं दिलेली बुद्धाची लहानशी मूर्ती होती, तिच्यापुढं तिनं ताजी फुलं ठेवली. मी माझ्या बाजूनं एक उशी शिवून ठेवली होती. खाली सायकली ठेवायच्या जागेशी म्हातारेबुवा ज्या खुर्चीत बसायचे, तिच्यावरची उशी पापडासारखी झालेली मी पाहिली होती. निळं कापड, पांढरी पायपिंग. घर गेलं तर गेलं, पण निदान बसल्यावर आमची आठवण काढतील.

दोघं आले. बूट काढायच्या खळग्यात उभे राहिले. आम्ही वाकलो, ते वाकले, आम्ही परत वाकलो. म्हातारेबुवा आत आले आणि पहिलंच पाऊल फोमवर पडलं. ते थांबले. दुसऱ्या पायानं दाबून पाहिलं. मग त्या वयात खाली बसून अंगठ्यानं दाबून पाहिलं. मला तो माणूस तिथंच आवडला. माझ्या तोंडात डेन्सिटी आली होती; बायकोनं नुसतं बघितलं, मी गिळून टाकली.

धाकट्याला तेवढ्यात काय वाटलं, तो खुर्चीवर चढला. मी ओरडणार, पण शब्दाला बंदी. त्यानं उडी मारली. आवाज नाही. म्हातारेबुवांकडं बघून कुजबुजला, “ठाप.”

बायकोनं डोळे मिटून घेतले.

एजंटनं फोन काढला. म्हातारेबुवा बोलले, बरंच बोलले, एका सुरात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. फोननं थोडा विचार केला आणि म्हणाला, “बालके दोषी नाहीत. बालके धावतात. पिता ध्वनी आहे.”

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. एजंटनं फोन हलवला, परत समोर धरला.

“पिता प्रतिदिन जिन्यात स्वतःचा दोष मान्य करतो. प्रामाणिक आहे. परंतु वर जाऊन पुन्हा ओरडतो. खालील नागरिक विचारतात, पिता हिवाळ्यात वसंताला का बोलावतो?”

“कुणाला?” मी म्हणालो. बंदी विसरलो.

थोरली खुदखुदायला लागली. तिनं म्हातारेबुवांना काहीतरी विचारलं. त्यांनी गॅलरीकडं बोट केलं, तोंडाभोवती हात धरले आणि अगदी माझ्या चालीवर, पण कसल्याही भावनेशिवाय म्हणाले, “हारूऽऽ! हारूऽऽ!”

“बाबा, त्यांना ‘हळू’ म्हणता येत नाही,” पोरगी म्हणाली. “त्यांना ‘हारू’च ऐकू येतं. हारू म्हणजे झाडांना फुलं येतात ना, ते. वसंत. ते म्हणतात, अजून खूप थंडी आहे, मग तुम्ही रोज दुपारी ‘वसंत, वसंत’ म्हणून का ओरडता? आम्ही पळालो तर चालेल म्हणतात. तेवढं दुपारचं तुम्ही ओरडू नका, ते झोपतात तेव्हा.”

मग बायकोनंच, तिला येत होती तेवढ्या जपानीत, हळूचा अर्थ सांगितला. ‘हळू’ म्हणजे आवाज करू नका. हे म्हातारेबुवांना समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जिन्यात पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, बराच वेळ. ‘आवाज करू नका’ हे सांगायला हा माणूस इतका आवाज करत होता. त्यांच्या लोकरीच्या टोपीखाली काहीतरी हललं, हसू असावं, पण मी खात्रीनं सांगत नाही. मी कधी न झालेलं सांगत नाही.

एजंटनं बायकोला विचारलं, दुपारच्या वेळी वडील गॅलरीत बोलणार नाहीत, एवढं कबूल आहे का? ती हो म्हणाली. इतक्या पटकन, की फोनला भाषांतर करायची वेळच आली नाही. मग त्यानं तक्रार मिटली असं सांगितलं, घर तुमच्याकडंच राहील म्हणाला, आणि परत खाली पडलेलं शोधल्यासारखा वाकला. म्हातारेबुवांनी उशी दोन्ही हातांनी घेतली, उलटून शिवण पाहिली, मूर्तीकडं बघून एकदा हात जोडले आणि उशी काखेत मारून गेले. जाताना थोरलीला काहीतरी म्हणाले. तिनं सांगितलं, “पळा म्हणाले.”

दार लागलं. धाकटा लगेच जेवणाआधीच झोपाळला. बायको त्याला घेऊन तिथंच जमिनीवर, माझ्या फोमवर, आडवी झाली. त्यानं वेणी पकडली. तिनं ती पकडू दिली आणि कितीतरी वेळ छताकडं बघत पडून राहिली. बॅगा कपाटावर होत्या तिथंच राहिल्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. पण मनात एक गोष्ट सलत होती. इतकी वर्षं दुकान चालवलं, संसार केला, वाड्या-वस्त्यांतून पडदे टांगले, एका माणसानं कधी तोंडावर सांगितलं नाही. मी तिथूनच विचारलं,

“काय गं, माझा आवाज खरंच एवढा मोठा आहे का?”

“मला कशाला विचारतोस,” ती म्हणाली. “खालचेच सांगतील आत्ता.”